दहा फुटी गाल

गुरुलिंगच्या कानाखालची गाठ निघाली, गालावर ओरखडाही उमटला नाही आणि तिसऱ्या दिवशी तो घरी चहात खारी बुडवत बसला. पण हे घडलंच नाही असं धरून पुढं चालू या. त्याच्या थोरल्या भावानं, शिवयोगीनं, तसंच ठरवलं होतं.

शिवयोगीलाही तशीच गाठ झाली होती. लाळेच्या ग्रंथीतली, साधी, कॅन्सरबिन्सर नसलेली. बारा वर्षांपूर्वी ती काढली तेव्हा चीर उजव्या कानापुढून निघाली, पाळीला वळसा घालून मानेत उतरली. अक्कलकोटचा रस्तासुद्धा एवढी वळणं घेत नाही. वर तेव्हापासून जेवायला बसलं की त्या गालाला घाम सुटायचा, ताटात दहीभात असला तरी.

गुरुलिंगची चीर मात्र कानामागं, केसांच्या आड. तिथून दुर्बीण घातली, गाठ बाहेर.

"अण्णा, बघ की, दिसतंय का काय?" तो कान मुडपून विचारायचा.

"तुझं ऑपरेशन झालंय कुटं? गाठ आपसूक बसली असंल."

"मग डॉक्टरनं बाटलीत काय दाखवलं?"

"सुपारी."

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत दोघं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा स्टॉल लावायचे. वरच्या फ्लेक्सवर दरवर्षी शिवयोगीचा फोटो. डाव्या बाजूनं, लांब कुठं विमान दिसल्यासारखा. यंदा त्यांची आई सिद्धम्मा म्हणाली, "औंदा गुरूचा लावू. समोरून. गिऱ्हाइकाकडं बघंल तरी."

"अव्वा, थोरला मी हाय."

"व्हय की. म्हणून गल्ल्यावर तू बस. गाल त्याचा चांगला हाय."

शिवयोगी त्या दुपारी जेवला नाही. गाल कोरडा राहिला, एवढाच फायदा.

मग तो गुपचूप फ्लेक्सवाल्या अझरुद्दीनकडं गेला. "फोटो माझाच लाव. समोरून काढ, आन् वण पुसून टाक."

अझरुद्दीननं फोटो काढला, पडद्यावर गाल मोठा केला आणि बराच वेळ बघितला. "शिवअण्णा, नुसतं पुसलं तर इस्त्री केल्यावानी दिसतंय. दुसरा गाल चिकटवावा लागंल. तुमचाच डावा उलटवला असता, पर आज दाढी करताना कापलाय की तुमी. घरातला कुणाचा हाय का? रंग जुळतो."

घरातला होता. सिद्धम्मानं गुरूचा फोटो सकाळीच तिथं पाठवला होता.

चार मिनिटांत काम झालं. भूल नाही, टाका नाही, रक्त नाही. बारा वर्षांत शिवयोगी पहिल्यांदाच स्वतःकडं समोरून बघत होता. त्याचे डोळे भरून आले. अझरुद्दीननं ते पाणी फ्लेक्सच्या मापात धरलं नाही.

दहा फुटी फ्लेक्स लागला. सिद्धम्मा खाली उभी राहून बघत राहिली. "माझ्या गुरूचं रूप बघा!"

"अव्वा, त्यो मी हाय."

"गप रे. आईला लेकाचा गाल कळत न्हाय व्हय?"

गिऱ्हाइकं गुरुलिंगला फ्लेक्सखाली उभं करून सेल्फी काढू लागली. तो भाकरी देता देता म्हणाला, "अण्णा, लई भारी आलाय की माझा फोटो." शिवयोगी चटणीच्या पुड्या बांधत राहिला. घरी जाऊन त्यानं कागद घेतला.

प्रति, मा. विभागप्रमुख, कान-नाक-घसा विभाग.
विषय : जुने ऑपरेशन बदलून मिळणेबाबत.
महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करतो की, माझ्या वेळी दुर्बिणीची सोय नव्हती, यात माझा दोष नाही. तरी माझी गाठ आपल्या दप्तरी शिल्लक असल्यास ती मूळ जागी पूर्ववत बसवून, कानामागून नव्याने काढून द्यावी. शिल्लक नसल्यास माझा भाऊ गुरुलिंग याची ताजी गाठ वापरण्यास माझी हरकत नाही. जत्रा संपण्यापूर्वी योग्य तो आदेश व्हावा, ही नम्र विनंती.