वायर ओढणारी बाई

"थांबा, थांबा! चालू मशीनची वायर कोणी अशी काढतं का?" सिस्टिम विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर खुर्चीतून ताडकन उठला.

"आमच्याकडे काढतात," शाळेच्या कॉम्प्युटर ऑपरेटर बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसऱ्या सर्व्हरचीही वायर भिंतीतून ओढली.

संगीताचे सर आपल्या बुटांकडे बघू लागले. लाउडस्पीकर लावायचा झाला की ते निर्मळ मनाने हाताला येईल ती वायर उपटत. सफाईच्या मावशी फरशी घासायच्या मशीनसाठी उपटत. शाळेचा सर्व्हर ठेवलेल्या खोलीत धड चालणारी सॉकेट भिंतीवर दोनच होती. 'ही वायर काढू नये' अशी पाटी बाईंनी लावून पाहिली, मग लाल अक्षरात लावून पाहिली. पण शाळेत पाट्या रंगवायच्या असतात, वाचायच्या नसतात. शेवटी बाईंनी माणसं सुधारायचा नाद सोडला आणि या माणसांत टिकेल अशी सिस्टिम शोधायला घेतली. तेव्हापासून त्यांना सगळे वायरबाई म्हणत. त्यांच्या तोंडावरही म्हणत, आणि त्या ओ देत.

जुन्या सर्व्हरच्या सिस्टिमला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद होणार होतं. मुलांची नावं, गुण, हजेरी, दाखले, सगळा डेटाबेस त्यावर, त्यामुळे नवी ऑपरेटिंग सिस्टिम निवडणं भागच होतं. बाईंनी दोन मशीनवर दोन सिस्टिम बसवल्या. एक कंपनीची, दरवर्षी पैसे मोजायची. दुसरी लिनक्सच्या कुळातली, फुकट मिळणारी, जिच्या दुरुस्त्या पुढची कित्येक वर्षं येत राहणार होत्या. खऱ्या मुलांच्या नोंदींवर प्रयोग नको म्हणून दोन्हींवर त्यांनी एक खोटी शाळा उभी केली. शिक्षकांना तर चेवच चढला. खेळाच्या सरांनी आपल्या सासऱ्याला पाचवीत घातलं आणि गणितात नापास केलं. सबंध सत्रभर स्टाफरूममध्ये या न जन्मलेल्या पोरांची हजेरी लागत होती, गुण चढत होते, आणि बाई मधूनच येऊन वायर ओढत होत्या.

आज तीच परीक्षा संस्थेच्या अध्यक्षांसमोर होती. बाईंनी वायरी परत लावल्या. फुकटची सिस्टिम आधी उठली, कंपनीची जरा आळोखेपिळोखे देत उठली. दोन्हींवर सासरेबुवा पाचवीत होते आणि गणितात नापासच होते.

"तुमचीही चांगली आहे हो," बाई इंजिनिअरला म्हणाल्या. खोटं कशाला बोला? त्याने रुमालाने मान पुसली.

"मग अडलंय कुठे?" अध्यक्षांनी विचारलं.

"एकच विचारते. वर्षाचे पैसे भरायला उशीर झाला तर?"

इंजिनिअर सरळ माणूस होता. "डेटाबेसला हात लावता येत नाही. दाखला छापता येणार नाही. पैसे आले की लगेच सुरू होतं."

"लगेच," बाई म्हणाल्या.

हे 'लगेच' त्यांनी एकदा पाहिलं होतं. मागे अशीच एक सिस्टिम होती. पैशांची फाइल वर कुठेतरी सहीसाठी पडून राहिली आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत मशीनला कुलूप लागलं. खिडकीवर बाईच होत्या. एका मुलीचे वडील गोदामातलं काम टाकून दाखल्यासाठी रोज येत. भांडले असते तर बरं झालं असतं, पण ते नुसते पायरीवर बसून राहत. मुलीचा प्रवेश हुकला आणि पुढे ती शिकलीच नाही. नंतर एकदा दुकानाच्या काउंटरमागे ती बाईंना दिसली. "बाई, ओळखलंत का?" म्हणून मनापासून हसली. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी त्या गिळल्या असत्या, हसू काही केल्या गिळता येईना.

निर्णय दुपारी व्हायचा होता. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकांनी त्यांना जिन्याखाली गाठलं.

"करार वाचलात का? कंपनीची सिस्टिम घेतली तर पूर्णवेळ ऑपरेटर ठेवावाच लागतो, म्हणजे तुमची जागा पक्की. तुमची फुकटची घेतली तर अध्यक्ष म्हणतात, आपोआप चालणाऱ्या मशीनला माणूस कशाला हवा?"

"आपोआप? ते चालावं म्हणून मी सत्रभर..."

"मला सांगू नका हो, मला माहीत आहे. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, फुकटच्या वस्तूचा भरवसा वाटत नाही. एक वाक्य. हात जोडते तुमच्यापुढे."

बाई जेवायला घरी गेल्या. घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. नवऱ्याच्या छापखान्यातलं काम हल्ली निम्म्यावर आलं होतं, त्यामुळे तो भरदुपारी घरात होता आणि न विचारता भांडी घासत होता. संसार बाईंच्या पगारावर उभा होता. हे घरात कोणी बोलत नसे, पण विसरतही नसे. पहिला घास घ्यायच्या आधीच त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"विहिरीत जायचंच असेल तर निदान कोणी ढकलेपर्यंत तरी थांबावं," सासूबाई म्हणाल्या. "आपणहून कसली उडी मारतेस?"

नवऱ्याने नळ बंद केला. "तुला काय वाटतंय?"

"मला राग आलाय."

"कोणाचा?"

"सगळ्यांचा! काम वाईट केलं तर जागा राहणार, चांगलं केलं तर जाणार. हा कुठला न्याय?"

"न्याय तुझे सासरे मागायचे," सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर बदल्या झाल्या त्यांच्या. माझी ट्रंक कधी पुरती उघडलीच नाही." आणि त्यांनी सुनेच्या ताटात भाजी वाढली. "पण मी कधी त्यांना म्हटलं नाही, खाली मान घाला म्हणून. आधी जेव. उपाशी पोटी आवाज चढत नाही."

नवरा पुन्हा भांड्यांकडे वळला. घाबरला होता, ते दिसत होतं. तरी बाई निघाल्या तेव्हा तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "होईल काहीतरी." त्याच्याजवळ तेवढंच होतं, आणि ते त्याने दिलं.

दुपारी अध्यक्षांनी गोड आवाजात सुरुवात केली. "बाई, तुमच्या शब्दावर आम्ही जाऊ. फुकटच्या सिस्टिमचा भरवसा वाटतो तुम्हाला?"

मुख्याध्यापिका टेबलापलीकडून त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. एक वाक्य. बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं ते.

"वाटतो," त्या म्हणाल्या. "कंपनीचीही सिस्टिम वाईट नाही. पण नोंदी मुलांच्या आहेत. त्यांना लागणाऱ्या कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात नको."

"तुमच्या जागेचं कळलंय ना तुम्हाला?"

"कळलंय."

"मग जरा विचार करा. आम्हाला काही तुम्हाला घालवायची हौस नाही."

"नसेल तर घालवू नका!" बाईंचा आवाज खिडकीबाहेर गेला. मैदानावरच्या खेळाच्या सरांनी वळून पाहिलं. "माझी जागा राहावी म्हणून मी पोरांचे दाखले गहाण टाकू? ते व्हायचं नाही. जागा काढायचीच असेल तर काढा, पण कारण खरं लिहा. मशीन नीट बसवलं म्हणून बाईंना काढलं, असं लिहा. आहे हिंमत?"

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. संगीताच्या सरांना ठसका लागला आणि बराच वेळ लागूनच राहिला.

दोन ठराव झाले. पहिला, फुकटची सिस्टिम घ्यावी. दुसरा, पुढच्या सत्रापासून ऑपरेटरची जागा ठेवू नये. दुसऱ्याचं कारण लिहिलं गेलं काटकसर. मुख्याध्यापिकांनी त्यावर हात वर केला नाही, पण एका हाताने काय होणार?

बाई सरळ सर्व्हरच्या खोलीत आल्या. सत्र संपायला अवकाश होता, काम उद्यावर टाकलं असतं तरी कोण विचारणार होतं? त्यांनी पदर खोचला आणि त्याच दुपारी सिस्टिम बसवायला घेतली. खोटी शाळा पुसली, आपली शाळा चढवली. शेकडो पोरं एकामागून एक पडद्यावरून सरकत गेली. जागा जाणार याचं वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. पण पुन्हा विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा हेच सांगितलं असतं, आणि जरा मोठ्याने सांगितलं असतं.

शेवटी मशीनने विचारलं, इथल्या मुख्य वापरकर्त्याचं नाव काय?

बाईंनी सवयीने आपलं नाव टाइप केलं. थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. मग एकेक अक्षर मागे घेत ते पुसलं आणि तिथे लिहिलं, शाळा. बटण दाबलं, आणि मशीन पुढच्या कामाला लागलं.