रावजींचा झेला

मित्रांनो, मी एक जुना झेला आहे. लांब बांबू, टोकाला लोखंडी कडी, तिला धारदार पातं आणि खाली सुतळीची जाळी. देवरूखजवळच्या बागेत रावजींनी मला बांधलं, त्याला वीस वर्षं झाली. आंबा देठासकट कापून जाळीत झेलायचा, एवढंच माझं काम. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि पिकायला गवताच्या आढीत घातलेला आंबा डागाळतो.

रावजींची नजर पंचक्रोशीत नावाजलेली. देठाशी खळगा पडला, खांदे वर आले, की आंबा चौदा आणे तयार, म्हणजे उतरवायला योग्य. असा आंबा आढीत देठापासून टोकापर्यंत सारखा पिकायचा. लोक माझंही कौतुक करायचे. तेव्हा मला फार बरं वाटायचं. आता काहीच वाटत नाही.

गेल्या वर्षी आढी उघडली, तर आंबे सुरकुतलेले आणि आंबटढोण. रावजींनी फवारणीला बोल लावला, औषधवाल्याला लावला, उन्हालासुद्धा सोडलं नाही. माझं पातं कोवळ्या देठांवर फिरत होतं, हे मला कळत होतं. पण झेल्याला कोण विचारतो?

यंदा सून तेजलने सगळ्या फवारण्या वेळच्या वेळी करून घेतल्या. पहिल्या तोडणीच्या सकाळी तिने झाडाखाली पाण्याची बादली ठेवली. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. रावजी या बादलीला नेहमी हसायचे. त्यांनी उतरवलेले आठ आंबे तिने पाण्यात सोडले.

"बुडलं ना?" बादलीशेजारी उभ्या रावजींनी विचारलं.

आठही आंबे त्यांच्या समोर तरंगत होते. तेजल त्यांच्या डोळ्यांकडे बघतच राहिली.

"नाय आबा, सगले वरच हायत. तुमाला दिसत नाय?"

रावजी खाली बसले. त्यांनी बादलीत हात घातला आणि एकेक आंबा चाचपला.

"आठ दिस झाडाला हात लावू नको," ते म्हणाले, आणि मला तिच्या हातात दिलं.

मित्रांनो, फळाला त्याचे दिवस पुरे करू द्या. आणि घरातल्या जाणत्या माणसाचा हात चुकू लागला, तर औषधाला दोष देण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या.

आठ दिवसांनी तेजलने माझ्या जाळीतला पहिला आंबा पाण्यात सोडला. रावजींनी विचारायच्या आधी तिनेच त्यांचा हात धरला आणि बादलीच्या तळापर्यंत नेला.