नळावरचा लाल दिवा

शुक्रवार पेठेतल्या मल्लेशनं आजवर इतक्या थापा मारल्या होत्या, की आता खरं बोलायची पाळी आली तर ऐकायला कोणी उरलं नव्हतं. पन्नाशी आली तरी खोड जाईना. मागं एकदा "पाणी आलं!" म्हणून बोंबलला, अख्खी गल्ली घागरी घेऊन पळाली, आणि हा कट्ट्यावर पोट धरून हसत बसला. जिथं नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, तिथं ही थट्टा विसरणार कोण?

आणि आता त्यानं खरंच काहीतरी केलं होतं. नळाच्या तोंडाला डबा, डब्यात प्लास्टिकच्या चमच्यांची चक्री, चक्रीला जुन्या प्रिंटरची मोटर, मोटरीला एवढासा लाल दिवा. चक्री फिरली की वीज! टाकीचं पाणी सोडून बघितलं तेव्हा दिवा लागला, आणि मल्लेश एकटाच नाचला. आता निदान शेजारच्या अंबूअक्कानं तरी 'खरं हाय' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. तिनं मानलं की गल्लीनं मानलं.

पाण्याच्या दिवशी त्यानं तिला बोलावलं.

"सेल कुटं लपवलास?" आल्या आल्या अक्कानं विचारलं.

"आईशप्पत, सेल न्हाय अक्का."

"मागच्या बारीला बी आईचीच घेतलीतीस की."

तेवढ्यात दिवा लागला. लालभडक! चार माणसं गोळा झाली. अक्कानं डब्याखाली हात धरला. थेंब नाही.

"बघा! पाण्याचा पत्ता न्हाय आणि ह्येचा दिवा चालू!"

गल्ली खो खो हसली. मल्लेशनं वाकून डब्यात खालून बघितलं. आज लबाडी त्यानं केली नव्हती, मग केली कुणी? चमचे तर गरगर फिरत होते. कशानं? त्यानं डब्याचं झाकण काढलं, तोंड जवळ नेलं. गालाला गार काहीतरी लागलं.

"अक्का, नळाम्होरं हात धर."

अक्कानं धरला. "अगं बाई, वारं!"

रिकाम्या पाइपात कोंडलेलं वारं, मागून येणारं पाणी त्याला ढकलत होतं. दोघं वाकून बघतायत तोवर नळ खाकरला आणि फस्सकन दोघांच्या तोंडावर पाणी.

"खरं हाय की रं!" पदरानं तोंड पुसत अक्का म्हणाली.

पुढच्या खेपेला दिवा लागताच अक्काच ओरडली, "मल्ल्याचा दिवा लागला!" पाणी यायच्या आत घरोघरी नळाखाली घागरी लागल्या. कुणी डबा उघडून बघितला नाही, की सेलचं नाव काढलं नाही.

मल्लेश कट्ट्यावर बसून डोळे भरून बघत होता. एका दिव्यावर अख्खी गल्ली पळते! म्हणजे उद्या जर का... त्याचा हात आपसूक खिशात गेला.

"मल्ल्या," मागं न बघताच अक्का म्हणाली, "खिशात काय हाय?"

"काय न्हाय की."

"आण हिकडं."

मल्लेशनं मुकाट्यानं सेल तिच्या हातावर ठेवला. अक्कानं हात तसाच पुढं धरला.

"दुसरा?"