मुलीच्या घरचा रुपया

पाणी

सुरतेच्या खाणावळीत चार नंबरच्या टेबलावर पाणी ठेवायला निंबा वाकला आणि ग्लासासकट त्याचा हात हवेतच थांबला. समोर जावई बसला होता.

सुकदेव. निंबाच्या कलाचा नवरा. कडोदऱ्याच्या लूम कारखान्यात मास्तर. अंगात टेरिलीनचा बुशशर्ट, मनगटावर घड्याळ. घड्याळ निंबानेच लग्नात दिलेलं. एका बाजूला कारखान्याचे मालक कांतिशेठ, दुसऱ्या बाजूला मार्केटातला एक जाडा दलाल.

निंबाला आधी आनंदच झाला. कलाला सातवा लागला होता, पहिलटकरीण, तिला बाळंतपणाला सुरतेत आणायचं होतं. त्यासाठी निंबा तीनदा कडोदऱ्याला जाऊन आला होता. तिन्ही वेळा ओट्यावरूनच परतला, कारण मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही ही त्यांच्याकडची रीत. तिन्ही वेळा जावयाने एकच शब्द दिला, "बघू." घरी बायको, उषाबाई, रोज वाकळ शिवत बसायची आणि विचारायची, काही निरोप?

आणि आज जावई आपल्या पायांनी आला होता.

"राम राम, जवाई..."

"ए, थंडा पानी लाव," सुकदेव हिंदीत म्हणाला. पंख्याकडे बघत.

पहिला फेरा

चूक झाली असेल. ओळखलं नसेल.

सहा महिन्यांपूर्वी दिवाळीला याच माणसाच्या पायावर निंबाने पाणी घातलं होतं.

बरं, ओळखलं असेल. मालकासमोर संकोचला असेल. माणूस आहे.

डाळ. भात. बटाट्याचं शाक. निंबाने जावयाच्या पोळीवर तूप जास्त घातलं. सुकदेव घड्याळात बघून म्हणाला, "पुरी में कितना टाइम?"

पुरी.

दुसरा फेरा

पुरी, कढी, फरसाण. दलाल म्हणाला, "मास्तर, तमारा ससरा तो मोटा खेडूत, नहीं?"

"सत्तर एकर," सुकदेव म्हणाला. "केळी."

कढीचा डाव निंबाच्या हातात होता. केळीचं पान त्याने शेवटचं पाहिलं ते सत्यनारायणाला.

मोरी

हात धुवायला सुकदेव उठला तसा निंबा टॉवेल घेऊन मागोमाग गेला. मोरीजवळ दोघंच. निंबा हळूच म्हणाला, "जवाईबापू, कलीले कधी धाडतस?"

"आठे नको." सुकदेवने नळ मोठा सोडला. "इथे ओळख दाखवू नका. शेठ मला सुपरवायझर करायचं म्हणतो. वेटरचा जावई म्हटलं की झालं."

"मी कुठे काय बोललो? फक्त कला..."

"गप्प राहिलात तर धाडतो. तोंड उघडलंत तर मग बघा तुम्ही नि तुमची कला."

टॉवेलाला हात पुसून त्याने तो निंबाच्या खांद्यावर टाकला. खुंटीवर टाकतात तसा.

लेकीसाठी गप्प राहायचं तर त्यात काय? अठरा वर्षं गिऱ्हाइकांसमोर गप्पच राहिला होता.

बडीशेप

बशीत बडीशेप, बडीशेपेवर बिल. निंबा दोन पावलं मागे सरून उभा राहिला. हे उभं राहणं धंद्याचं. फार जवळ नाही, म्हणजे मागतोय असं वाटायला नको. फार लांब नाही, म्हणजे विसरायला नको.

बक्षीस कसं देतात ते निंबाइतकं कुणाला ठाऊक नसेल. कुणी सुटे तसेच बशीत सोडून उठतो, चांगला माणूस. कुणी बडीशेपेखाली लपवतो, तो लाजरा. कुणी नाणं आपटतो, म्हणजे गल्ल्यावर ऐकू जावं. कुणी पाच पैसे ठेवून सल्ला देतो. बँकेतले मुकुंदराव काहीच ठेवत नाहीत, पण जाताना म्हणतात, निंबाजी, कढी झकास. ते निंबाला रुपयाहून मोठं वाटतं. खरंच वाटतं. कुणाला पटो न पटो.

कांतिशेठने बिल दिलं. मग बक्षिसाचं सुचवत म्हणाले, "मास्तर, वेटरने कंई आपो."

सुकदेवने पाकीट काढलं. कोरी एक रुपयाची नोट. पाच-दहा पैशांच्या जागी रुपया. दलालाच्या भुवया वर गेल्या, सुकदेवला त्या जायलाच हव्या होत्या. नोट दोन बोटांत धरून त्याने ती हलवली.

"ए. ले. रख ले."

आणि बशीत टाकली.

बशी

निंबाने नोट उचलली, सलाम केला, खिशात घातली.

नाही.

निंबाने नोट तशीच ठेवली आणि आत निघून गेला. गल्ल्यावरून खाणावळीचा मालक ओरडला, गिऱ्हाइकाचा अपमान करतो?

नाही.

निंबाने गरम कढीचं पातेलं आणलं आणि...

नाही, नाही. कला. सातवा महिना. गप्प राहिलात तर धाडतो.

नोट उचलायला निंबाचा हात खरोखर पुढे गेला होता. बडीशेपेला बोटं लागली होती. पण मुलीच्या घरचं पाणी ज्याने घेतलं नाही, त्याने मुलीच्या घरचा रुपया घ्यायचा? तोही "ए" म्हणून दिलेला? या माणसाचे पाय मी धुतले. हे घड्याळ मी दिलं. माझी लेक मी दिली. आणि हा मला देतो?

निंबा वळला. गल्ल्यावर गेला. मालकाच्या देवांच्या फोटोपुढे कुंकवाची डबी होती, शनिवारी फोडायचा नारळ होता. दोन्ही उचलली.

"निंबा! ए निंबा, शुं करे छे?" मालक ओरडला.

निंबा टेबलापाशी आला. अंगठ्याने सुकदेवच्या कपाळावर कुंकू ओढलं, नाकापर्यंत आलं. खांद्यावरचा टॉवेल, डाळीच्या डागांसकट, उपरणं पांघरावं तसा त्याच्या टेरिलीनवर पांघरला. मांडीवर नारळ ठेवला. खिशातून आपला एक रुपया काढला, बशीतल्या नोटेवर ठेवला आणि दोन्ही त्याच्या मुठीत कोंबले.

सगळा हॉल जेवायचा थांबला होता.

"हाऊ मना जवाई शे," निंबा म्हणाला. आवाज फाटला होता. मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत, "मेरा दामाद है. हमारे में लड़की के घर का नहीं लेते. देते हैं. घ्या, जावईबापू. सत्तर एकरवाल्याकडून घ्या!"

दलाल फस्सकन हसला. तोंडातली बडीशेप टेबलभर उडाली.

"पागल आहे कोणी," सुकदेव पुटपुटला. कुंकू नाकावरून ओठावर आलं होतं.

"पागल? मग बायकोच्या बापाचं नाव सांगा. सांगा ना!"

कांतिशेठ हसले नाहीत. निंबाकडे, मग सुकदेवकडे बघून त्यांनी विचारलं, "आ तमारा ससरा छे?"

सुकदेवने बाहीने ओठावरचं कुंकू पुसलं.

"लेक सातव्या महिन्यात आहे, शेठ," निंबा म्हणाला. "माहेरी धाडत नाही. मी गप्प बसलो तर धाडणार होता."

कांतिशेठ टोपी नीट करत उठले. "रविवारे मोकली देजो, मास्तर," एवढंच म्हणाले आणि चपला घालायला गेले. सुकदेवने धाडतो म्हणून मान हलवली. लगेच.

तीन खेपांत निंबाला जे मिळालं नाही ते शेठने उठता उठता मिळवलं. सगळ्यात जास्त राग निंबाला याचा आला. त्याने बशी उचलली, बडीशेप मोरीत फेकली आणि बशी इतकी घासली की मालकही ओरडायचा थांबला.

रविवार

कला कारखान्याच्या टेम्पोतून आली. एकटी, ट्रंक घेऊन. सुकदेव आला नाही. ट्रंकेवर घडी घातलेला टॉवेल होता. धुतलेला, पण डाळीचे डाग तसेच.

"हे परत द्यायला सांगितलं," ती म्हणाली. "बाकी बाळंतपणानंतर बघू, निघताना एवढंच बोलले."

"बघू?" निंबा उसळला. "बघू म्हणतो? आता तर मी..."

"आबा, पुरे!" कला ओरडली. उषाबाई दारातच थबकली. "तुम्ही कपाळाला कुंकू लावलंत आणि घरी आलात. तीन दिवस त्या घरात मी होते. तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही, सासूने मला ताट वाढलं नाही. हातानं घे म्हणाली, तुझा बाप वाढपी आहे ना. मला विचारलं होतंत?"

निंबाने विचारलं नव्हतं.

त्याने ताट घेतलं. भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. तिच्यापुढे ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला. फार जवळ नाही, फार लांब नाही.

कलाने घास मोडला. मग मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग तसाच होता.

"बसा ना आबा," ती म्हणाली. "मी काय गिऱ्हाईक आहे?"