नेरीनाबाईंचं उत्तर

सासूला चार तासांवरच्या बंदरात नेऊन आणायचा बेत जमवायला लिव्हिओला तीन वर्षं लागली. तेवढ्यात माणसं पृथ्वीला वळसा घालून परत येतात, असं तो बायकोला, नेव्हियाला, दर आठवड्याला ऐकवायचा.

त्रिएस्तेजवळच्या मुज्जाच्या बंदरात त्याची आठ मीटरची शिडाची बोट होती. स्लोव्हेनियाचा किनारा डावीकडे ठेवून खाली गेलं की सरहद्दीपलीकडचं उमागो. नेरीनाबाई तिथल्या. महायुद्धानंतर सरहद्द सरकून गाव दुसऱ्या देशात गेलं, तशा पंचावन्न साली, चौदाव्या वर्षी, आईवडिलांबरोबर सगळं सोडून त्रिएस्तेला आल्या आणि पुन्हा कधी गेल्या नाहीत. मरायच्या आधी गाव एकदा बघायचंय, हे त्यांनीच जेवता जेवता सांगितलं होतं. आणि लिव्हिओने टेबलावर नकाशा पसरला की खुसपट काढायलाही त्याच पुढे. शुक्रवारी निघायचं नाही. बोरा वारा कधी सुटेल सांगता येत नाही. बोटीतला संडास कपाटाएवढा. मोटारीने जाऊ म्हटलं, तर मोटारीत मळमळतं.

खरं कारण नेव्हियाने एकदा कसंबसं काढून घेतलं. पलीकडे पोहोचल्यावर आधी पोलिसांच्या धक्क्याला लागायचं, पासपोर्ट दाखवायचा. माझ्याच दारात मी कागद दाखवणार नाही, असं म्हातारीचं म्हणणं. लिव्हिओने कपाळावर हात मारून घेतला. बोटीवरच्या माणसांची यादी त्याने तीन प्रतींत तयार ठेवली होती. तीत सासूच्या नावापुढे 'खलाशी' असंही लिहून झालं होतं.

मग दोन हजार तेवीसच्या जानेवारीत पलीकडचा देशही युरोपच्या खुल्या सरहद्दींत सामील झाला आणि तपासणीच उठली. पासपोर्ट नाही, धक्का नाही, कोणी विचारणार नाही. लिव्हिओने हे सांगितल्यावर नेरीनाबाई म्हणाल्या, बरं, जूनमध्ये जाऊ.

जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी सातला ते निघाले. परतायचं बुधवारी नऊला, कारण दुपारनंतर वारा फिरणार होता. लिव्हिओने ते मिनिटावर बसवलं होतं. नेरीनाबाई मोत्यांची माळ घालून, मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. सोबत ऑम्लेट भरलेले पाव होते. चारही तास त्यांनी एकसुद्धा तक्रार केली नाही. तिथेच लिव्हिओच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

उमागोचा घंटाघराचा मनोरा दिसायला लागला तशा त्या म्हणाल्या, "पोलिसांचा धक्का कुठला?"

आता त्याची गरज नाही, असं लिव्हिओने समजावलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नेव्हियाने त्याला डोळ्यांनी दटावलं, तेव्हा त्याने निमूटपणे बोट तिकडे वळवली. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. पोलिसांच्या खोलीला कुलूप होतं, आणि जाळं शिवत बसलेल्या कोळ्याने इथे आता कोणी बसत नाही असं न विचारताच सांगितलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. उतरणार नाही म्हणाल्या.

लिव्हिओचा संयम तिथे संपला.

"आई, विचारतात म्हणून तुम्ही अडुसष्ट वर्षं आला नाहीत. आज कोणी विचारत नाही, म्हणून उतरत नाही. मी नक्की काय करू, ते तरी सांगा."

"करायचंय काय तुला, जावईबापू? बोंब मारणं तेवढं थांबव." मग त्या पर्सकडे बघत राहिल्या. "गाव सोडून जाताना नाक्यावर शिपायाने मला विचारलं होतं, पोरी, तू कुठली? बाबा घाईघाईने म्हणाले, कुठलीच नाही, आता त्रिएस्तेची. मी गप्प राहिले. तेव्हापासून माझं उत्तर तयार आहे. भीती वाटायची, पुन्हा कोणी विचारलं आणि तोंडातून शब्दच फुटला नाही तर? आणि आज आले, तर विचारायला माणूसच नाही."

लिव्हिओला रागही आला आणि आपल्या रागाची लाजही वाटली. त्याने बोट सोडली आणि पाहुण्यांच्या बोटींच्या धक्क्याला आणून बांधली. मग मुक्कामाची नोंद करायला सगळ्यांनी यावं लागतं, अशी थाप मारून त्याने सासूला हात धरून उतरवलं.

बंदराच्या कार्यालयातली मुलगी सकाळपासून कंटाळलेली दिसत होती. तिने मान वर न करता ओळखपत्रं मागितली. पहिली दोन बघून तिने टकाटका टंकली. नेरीनाबाईंचं उचलायला हात पुढे केला, तेव्हा लिव्हिओने कार्डावर पंजा ठेवला.

"यांना तोंडी विचारा."

"कार्डावर असतं सगळं."

"असू दे. तरी विचारा."

मुलीने एक सुस्कारा टाकला. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. मग म्हणाली, "जन्म कुठला?"

नेरीनाबाईंनी माळ सारखी केली. पाठ ताठ केली.

"इथला," त्या म्हणाल्या. आवाज जरा मोठाच लागला; मागे रांगेतल्या जर्मन जोडप्यानेही चमकून पाहिलं. "मी इथली आहे."

मुलीने पहिल्यांदाच मान वर केली. क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग तेही टंकलं आणि पुढच्या रकान्याकडे वळली.

"किती दिवस राहणार?"

याचं उत्तर बाईंकडे नव्हतं. त्यांनी जावयाकडे पाहिलं. लिव्हिओच्या खिशात बुधवार सकाळी नऊ ही परतीची वेळ लिहिलेला कागद घडी करून ठेवलेला होता.

"ते अजून ठरलेलं नाही," तो म्हणाला.