बसायची परवानगी

विलासिनी आमच्या दुकानात लागली ती साड्यांच्या विभागात. दुकान तसं फार मोठं नाही. कोझिकोडच्या मिठाईतेरू बाजारात पुढे साड्या आणि पुरुषांचे मुंडू, मधे चुडीदारची कापडं, आणि अगदी आत खिडकीशी मी आणि माझं मशीन. फॉल लावायचा, पिको करायचा, ब्लाउज सैल-घट्ट करून द्यायचे. माझं कामच बसून करायचं, त्यामुळे कोण उभं आहे आणि कोण बसलंय हे मला आधी दिसतं.

पहिल्याच दिवशी मालक, आमचे बीरानिक्का, म्हणजे बीरानदादा, तिला म्हणाले, "गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसत जा, पोरी. स्टूल तिथंच आहे."

"हो इक्का," ती म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत उभी राहिली.

वाटलं, नवी आहे, लाजत असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच, आठवड्यानंतरही तेच. दुपारी बाजार सुस्तावतो. तेव्हा रमणी, म्हणजे चुडीदारवाली, पाय पसरून बसते, फोनवर मुलीशी भांडते. विलासिनी मात्र काउंटरमागे हात जुळवून ताठ उभी. चार वाजता सुलेमानी चहा आला की सगळे घोट घेत बसायचे. हिचा पेला कडेला निवून जायचा. इक्का दारातून आत आले की ती पदर सारखा करायची आणि आधीच नीट असलेल्या साड्यांची चवड पुन्हा नीट करायची.

रमणीला याचा राग यायला लागला. एकदा माझ्याकडे येऊन पुटपुटली, "सुहरात्ता, ही बाई मुद्दाम करते. हिच्यामुळे आपण कामचुकार दिसतो. उद्या इक्का म्हणतील, ती उभी राहते, तुला काय झालं?"

"इक्का तसे नाहीत."

"आज नाहीत. माणूस बदलायला किती वेळ लागतो?"

आणि खरंच, रमणीही आता इक्का आले की अर्धवट उठायला लागली होती.

शेवटी मीच विलासिनीला विचारलं. ब्लाउजचं माप घ्यायच्या निमित्ताने तिला आत बोलावलं. साडी जराशी वर सरकली, तेव्हा तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या दिसल्या.

"बसत का नाहीस गं?"

तिनं साडी खाली ओढून पोटऱ्या झाकल्या. मग म्हणाली, "सुहरात्ता, मी आधी ज्या दुकानात होते ना, तीन मजल्यांचं, तिथं भिंतीला पाठ टेकली तरी माइकवरून नाव पुकारायचे. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. लघवीला जायचं तर विचारून. म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. मग बसू द्यायचा कायदा झाला. त्यांनी प्रत्येक काउंटरला एकेक स्टूल ठेवलं. आम्हाला केवढा आनंद! पहिल्या दिवशी ज्या चौघी बसल्या, त्यांना महिन्याभरात काही ना काही कारण काढून घरी पाठवलं."

"आणि तू?"

"मी बसले नव्हते. म्हणून राहिले."

ते दुकान तिनं पायांच्या दुखण्यापायी सोडलं होतं. पण तिथली शिस्त पायांनी सोडली नव्हती. आमचं स्टूल तिला सापळा वाटत होतं. मी सांगितलं, इथं तसलं काही नाही. तिनं मान डोलावली. बाहेर जाऊन पुन्हा उभी राहिली.

पावसाळ्यानंतर जिस्ना आली. विशीही न गाठलेली, बोलकी, बारीक पोर. ही तिची पहिलीच नोकरी. इक्कांनी तिला विलासिनीच्या हाताखाली दिलं. विलासिनीला ती चेची म्हणायची, म्हणजे ताई. चेचीसारखी साडी उलगडायची, चेचीसारखी बोलायची. पोरगी चटकन शिकली. चेचीसारखी उभीही राहायला लागली. बाटली घरून भरून आणायची आणि भरलेलीच परत न्यायची.

एका दुपारी चपलेचा पट्टा शिवायला ती माझ्याकडे आली. टाचांना फोड आले होते. हळूच विचारते, "सुहरात्ता, इथं किती वर्षं झाली की बसायची परवानगी मिळते?"

मला हसू आलं नाही. "कोण म्हणालं परवानगी लागते?"

"कुणी नाही. पण विलासिनीचेची एवढ्या अनुभवी, त्याही बसत नाहीत. मग मी कशी बसू?"

विलासिनी दारातच होती, फॉल लावायची साडी घेऊन. तिनं ऐकलं. चेहरा असा उतरला, जणू कुणी थोबाडीत मारली.

"मी तिला असं कधी सांगितलं नाही," ती मला म्हणाली.

"तू सांगितलं नाहीस. तिनं बघितलं."

साडी माझ्या मांडीवर टाकून ती वळली. जिस्नाचा दंड धरून तिला काउंटरमागे नेलं आणि म्हणाली, "बस."

"आणि तुम्ही?"

"तू बस आधी."

"तुम्ही बसल्याशिवाय नाही," पोरगी म्हणाली. उद्धटपणे नाही, तिला खरंच भीती वाटत होती.

विलासिनीनं दुसरं स्टूल ओढलं. आधी नुसती टेकली, कडेवर. आणि नेमके तेव्हाच इक्का दारातून आत आले. जिस्ना उठायला गेली. विलासिनीही निम्मी उठली होती. पण तिनं पोरीचा हात धरला, खाली ओढला, आणि स्वतः धपकन पूर्ण बसली. डोळे घट्ट मिटून.

इक्का काउंटरशी थांबले. "कसवूच्या साड्यांचा गठ्ठा आला का गं?"

"आला," ती म्हणाली. आवाज चिरका.

"जरीची किनार रुंद आहे ना? मागच्या खेपेला फसवलं त्या व्यापाऱ्यानं," असं म्हणत ते गल्ल्याकडे निघून गेले.

बस, एवढंच. विलासिनी तशीच बसून राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते, तर ती हसत होती, तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. जिस्नाला काही कळेना, पण तीही हसायला लागली. रमणी येऊन म्हणाली, "आता रोज बस हो, बाई. तुझ्यामुळे माझे गुडघे गेले उठबस करून!" विलासिनीनं जिस्नाची बाटली उघडली आणि घटाघटा पाणी प्यायली.

त्यानंतर आला पेरुन्नाळ, म्हणजे ईद. आदल्या दिवशी बाजारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बसणं दूरच, चहाही कुणी घेतला नाही. विलासिनी साड्यांमागून साड्या फेकत होती, गिऱ्हाइकांशी थट्टा करत होती. इक्कांनी शटर निम्मं खाली ओढलं, तेव्हा ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "अय्यो, मेले मी! पाय गेले माझे!"

इतक्या दिवसांत तिच्या तोंडून पायांची तक्रार इक्कांसमोर पहिल्यांदाच निघाली.

"मग काय, पालखी मागवू?" इक्का म्हणाले.

"पालखी नको, रिक्षा चालेल. जिस्नालाही वाटेत सोडायचंय."

इक्का पुटपुटत रस्त्यावर गेले आणि हात वर करून रिक्षा थांबवायला लागले.