गेटवरची पाहुणी

"ताई, दिवा लाल लागला. जरा मागं व्हा," वॉचमन समाधान म्हणाला आणि माझ्याकडे बघायचं टाळून खांबाकडे बघत राहिला.

दीड वर्ष मी याच गेटातून सकाळी आठला आत जाते. खांबासमोर तोंड दाखवायचं, हिरवा दिवा लागतो, दांडा वर होतो. आज खांबातली बाई गोड आवाजात म्हणाली, "कृपया थांबा. आपला प्रवेश स्थगित आहे."

"का म्हणून गं?" मी खांबालाच विचारलं.

खांब कशाला उत्तर देतोय! समाधाननं हातातला टॅब बघितला आणि त्याचा चेहरा पडला. बीडकडचा माणूस, त्याला खोटं बोलता येत नाही. "ताई, वस्तू नेल्याची नोंद हाय. ए विंग, सातवा मजला. काल दुपारची."

माझं डोकंच फिरलं. जिथं हा खांब रोवलाय तिथं माझ्या सासऱ्यांचा गोठा होता. जमीन गेली, पैसा भावकीत जिरला, मी लोकांच्या घरी पोळ्या लाटायला लागले. त्याचं मला काही वाटत नाही, कामाला लाज कसली? पण चोर? कस्तुरा रानवडे चोर? अख्ख्या पुनावळ्यात कुणाची छाती आहे असं म्हणायची?

सातव्या मजल्यावर माझी सोयाताई राहते. खरं नाव सोयॉन. कोरियाची. नवरा चाकणच्या एका कंपनीत साहेब, सकाळी सातला जातो तो रात्रीच उगवतो. पोरगी दिवसभर एकटी, आणि तिच्या सोबतीला मोबाइलमधलं 'दारवान'. हे दारवान आपल्याच हिंजवडीच्या पोरांनी बनवलंय. सोसायटीत कोरियन बिऱ्हाडं वाढली म्हणून ते आणलं, गेटवरचा खांबही त्याचाच. मराठीत बोललेलं ते तिच्या भाषेत सांगतं. दारात कोण आलंय, कचरा कुठला कुठं टाकायचा, बाहेर फटाके वाजतायत ते कशाचे, हे सगळं तेच सांगतं. ती भाजीवाल्यासमोर मोबाइल धरते, तर तो दोडक्याची माहिती देतो! सुरुवातीला मला कौतुकच होतं. म्हटलं, परमुलखात एकट्या बाईला कुणीतरी बोलायला आहे.

पण फोडणी चरचरायला लागली की त्याला काही ऐकू येत नाही. मग आम्ही दोघी हातवाऱ्यांनी बोलायचो. असं करत करत ती ओट्याशी पाच-पन्नास शब्द शिकली. सगळे माझ्या तोंडचे, आमच्या गावठी वळणाचे.

आणि एक गोष्ट मी तिला मुद्दाम शिकवली. मी घरून कधी मेथीची वडी न्यायचे, कधी थालीपीठ. पहिल्यांदा तिनं डबा घासूनपुसून रिकामा परत दिला. मी म्हटलं, "न्हाई गं बाय, असं करू न्हाई. दुसऱ्याचा डबा रिकामा धाडायचा न्हाई. काय नसलं तर चिमूटभर साखर घाल." तिला ते इतकं आवडलं की विचारू नका. तेव्हापासून माझा डबा कधी मोकळा आला नाही. परवा नेलेला डबा काल परत देताना तिनं त्यात त्यांचे ते काळे, कागदासारखे पापड घातले होते. समुद्रातल्या शेवाळाचे म्हणे. खारट असतात, पण दत्तोबांना, आमच्या मालकांना, भाताबरोबर भारी आवडतात.

तेवढ्यात सोसायटीचा मॅनेजर रविराज आला. त्यानं टॅब बघून मला समजावलं. काल येताना माझ्या हातात काही नव्हतं, जाताना भरलेली पिशवी होती, ते कॅमेऱ्यानं टिपलं. दारवाननं सोयाताईला तिच्या भाषेत दोन प्रश्न विचारले. बाहेर जाणारी वस्तू तुमच्या घरातली आहे का? तिनं 'हो' दाबलं. त्यासाठी गेटपास केला आहे का? तिनं 'नाही' दाबलं. बिचारीनं दोन्ही उत्तरं खरी दिली आणि त्यातून मी चोर झाले.

"मावशी, टेन्शन घेऊ नका," रविराज म्हणाला. "मॅडमनं एकदा उत्तर दिलं की त्यांनाही ते बदलता येत नाही. तुम्ही फक्त इथं बोट लावा. 'न विचारता वस्तू नेली, चूक झाली, पुन्हा होणार नाही.' आठ दिवसांत दिवा हिरवा."

"मी नेली न्हाई. मला दिली."

"तसा पर्याय नाहीये त्यात."

"मग घाला."

"ते कंपनीचं काम आहे हो."

"बरं. मग या खांबाला सांगा, कस्तुराबाईची माफी माग."

"मावशी, त्याला माफी मागायची सोय नाही."

"वा रं वा! चूक त्यानं करायची आन् माफी मी मागायची व्हय?"

रविराज खालच्या आवाजात म्हणाला, "विचार करा. शेजारच्या सोसायटीतही हेच दारवान आहे. इथं लाल तर तिथंही लाल."

हे मात्र काळजाला लागलं. माझी बाकीची दोन घरं तिथंच होती. एका बोटाचा प्रश्न होता. पण त्या बोटानं मी कबूल केलं असतं, की सोयाताईनं प्रेमानं दिलं ते मी चोरलं. मी झाडांच्या कट्ट्यावर जाऊन बसले. ऑफिसच्या गाड्या निघत होत्या, लोक काचेआडून बघत होते. पदर डोक्यावर होता, तो मी तोंडावर घेतला नाही. बघा म्हटलं, पोटभर बघा.

समाधान हळूच जवळ आला. "ताई, लावा की बोट. कोन बघतंय?"

"मी बघतीया न्हवं."

मग आपणहूनच त्यानं सातव्या मजल्यावर फोन लावला.

सोयाताई घरातल्या सपाता घालून धावत खाली आली. लाल दिवा, मी कट्ट्यावर, हे बघून तिला काय झालं असेल ते कळलं. मोबाइल तोंडाजवळ धरून ती रविराजवर ओरडायला लागली. अशी चिडलेली मी तिला कधी बघितली नव्हती, डोळ्यांत पाणी, मान तांबडी झालेली. आणि मोबाइलमधून आवाज आला, "झालेल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे. कृपया सहकार्य करावे."

समाधानला हसू आवरेना. मला मात्र तिची दया आली. एवढा जीव तोडून बोलतेय आणि बाहेर येतंय काय, तर गुळमट सरबत!

"सोयाताई," मी उठले आणि तिच्या हातातला मोबाइल खाली केला. "हे ऱ्हाऊ दे. तू बोल. तुझ्या तोंडानं बोल."

तिनं मोबाइल खिशात टाकला. मोठा श्वास घेतला.

"डबा ताईचा," ती म्हणाली. "मी भरला. रिकामा धाडायचा न्हाई. ताई चोर न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई!"

माझ्या ओट्याजवळची भाषा त्या परक्या पोरीच्या तोंडून ऐकली आणि मला रडूच फुटलं. इतका वेळ रोखून धरलं होतं, ते नाहीच राहिलं.

रविराज ओशाळला, पण पाठ सोडेना. "मॅडम, बरोबर आहे तुमचं. पण सिस्टीममध्ये..."

सोयाताईनं परत मोबाइल काढला, पण बोलायला नाही. तिनं काहीतरी दाबलं. समाधानचा टॅब वाजला.

"साहेब, पाहुणे एक, असं आलंय," समाधान म्हणाला. "मॅडम सोता न्यायला आल्यात. पाव्हण्याला खांबापुढं उभं ऱ्हावं लागत न्हाई. नियमच हाय तसा." मग माझ्याकडं वळून, जणू ओळखतच नाही अशा थाटात, "पाव्हण्यांचं नाव सांगा."

"कस्तुरा दत्तोबा रानवडे."

दांडा वर झाला.

शेजारच्या सोसायटीतला दिवा आजही लाल आहे. ती दोन घरं सुटली, तिथं दुसऱ्या बाया लागल्या. बोट मी अजून लावलेलं नाही, लावणारही नाही.

त्या दिवशी वर गेलो. सवयीनं मी पदर खोचला आणि ओट्याकडं निघाले. मग थांबले.

"सोयाताई, आज मी पाव्हणी. पाव्हणी कुठं सैपाक करती व्हय?"

तिला कळायला एक क्षण लागला. मग ती खळखळून हसली आणि टेबलाची खुर्ची ओढून दिली. ती खुर्ची मी दीड वर्ष रोज पुसली होती, बसले त्या दिवशी पहिल्यांदा. सोयाताईनं कांदा चिरला, ओबडधोबड, केवढाल्या फोडी. मोबाइल काहीतरी शिकवायला गेला, तिनं तो पालथा घातला. गॅस मोठा ठेवला होता तिनं. तेलाचा धूर निघायला लागला. माझे हात नुसते शिवशिवत होते. मी ते मांडीवर घट्ट धरले.

कांदा करपला. मी उठले नाही.